‘त्यांच्या जागी’ म्हणजे नेमकी कुठे?

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री निवांत वाचा. महिनाभर मनात ठेवली होती. लिहावी की नको असं चाललं होतं, कारण गाव लहान आहे आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं रोज स्टेशनरोडला भेटतात.

२७ फेब्रुवारीला आपल्या मनमाडात मराठी गाण्यांचा कार्यक्रम झाला. तुमच्यातले बरेच जण होते. हॉल भरला, मागे जादा खुर्च्या टाकाव्या लागल्या. निवेदन माझ्याकडे होतं. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण मंडळातली माणसं चांगली आहेत, पदरचे पैसे घालून कार्यक्रम करतात आणि मला भांडायचं नाहीये, बोलायचंय.

कार्यक्रमाचा विषय होता काळजाला भिडलेली गाणी. बावीस गाण्यांची यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आली. सगळी सुंदर गाणी, एकही काढावंसं वाटणार नाही. मी फक्त म्हटलं की यात दोन गाणी घालूया, एक वामनदादा कर्डकांचं आणि एक प्रल्हाद शिंद्यांनी गायलेलं रमाईवरचं. ग्रुपवर थोडा वेळ शांतता. दोन अंगठे आले. मग आमच्या एका मित्राचा फोन आला. अगदी प्रेमाने म्हणाला, “सर, ती गाणी त्यांच्या जागी ग्रेटच आहेत हो, पण हा कार्यक्रम हृदयस्पर्शी गाण्यांचा आहे. ती जयंतीची गाणी झाली.”

मी काही बोललो नाही. निवेदन केलं, छान झालं म्हणे.

आई आली होती कार्यक्रमाला, दुसऱ्या रांगेत. अठ्ठ्याहत्तर वय आहे तिचं, गुडघे दुखतात, तरी तीन तास बसली. दोन-तीन गाण्यांना तिचे ओठ हलत होते ते मला स्टेजवरून दिसत होतं. घरी जाताना रिक्षात म्हणाली, “चांगलं म्हनले रे पोरं. पन आपलं एकबी नाही म्हनलं.”

ते ‘आपलं’ मला त्या रात्री झोपू देईना. म्हणून ही पोस्ट.

आधी एक प्रसंग सांगतो. हा मी आजवर कुठे सांगितलेला नाही. आईला विचारून लिहितोय.

आमचे वडील रेल्वेत गँगमन. वस्तीत पत्र्याची खोली, आम्ही तीन भावंडं. त्यातली धाकटी बहीण दीड वर्षाची असताना तापाने गेली. वडील लाइनवर होते, दोन स्टेशनं पलीकडे. निरोप पोचून ते येईपर्यंत संध्याकाळ झाली. मी आठ वर्षांचा होतो. मला आठवतंय ते एवढंच, की आई रडली नाही. बायका येऊन रडल्या, आजी रडली, वडील दाराबाहेर जाऊन रडले. आई चुलीपुढे बसून राहिली. दुसऱ्या दिवशी डबा केला, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत उभी राहिली. बायका आपसात बोलायच्या की हिचं काळीज दगडाचं आहे.

दोनेक महिन्यांनी १४ एप्रिल आला. तेव्हा जयंतीच्या रात्री वस्तीत गायन पार्ट्यांचा सामना लागायचा. ज्यांनी तो बघितला नाही त्यांना सांगतो, दोन पार्ट्या समोरासमोर, एक बाई आणि एक बुवा, पेटी, ढोलकी, मागे कोरस धरणारी चार पोरं. कव्वालीच्या ढंगात सवाल-जवाब. मध्येच कुणी दहाची नोट द्यायचं की गाणं थांबवून गायक माइकवर नाव पुकारायचा, अमक्या अमक्याकडून पार्टीला दहा रुपये बक्षीस, आणि गाणं पुन्हा जिथे सोडलं तिथून सुरू. रसभंग वगैरे कुणाचा होत नव्हता. मोठमोठ्या घरांतली पोरं हल्ली पैसे मोजून असले अनुभव घ्यायला जातात, आम्हाला फुकटात होता.

रात्री एक-दीडला बाईंनी रमाईवरचं गाणं लावलं. ते कुठलं ते लिहीत नाही, शब्दही देत नाही, कारण इथे दोन ओळी टाकल्या की लोक तेवढ्याच वाचून बदाम टाकतात आणि पुढे जातात. पण गाण्यात काय होतं ते सांगतो. नवरा शिकायला सातासमुद्रापलीकडे. घरात खायला नाही. बाई गोवऱ्या थापते. आणि लेकरू जातं. रमाईची चार लेकरं गेली हे तुम्हाला माहीत असेल. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी राजरत्न. एकटे यशवंतराव वाचले.

आई बायकांच्या घोळक्यात बसली होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत. माझ्या गालावर काहीतरी गरम पडलं म्हणून मी जागा झालो. आई रडत होती. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. मग आवाज फुटला. शेजारच्या बायकांनी तिला धरलं. बाईंना स्टेजवरून दिसलं असावं, कारण त्यांनी ते कडवं पुन्हा घेतलं, मग तिसऱ्यांदा घेतलं. ढोलकीवाल्याने हात हलका केला. त्या वेळी कुणी बक्षीस पुकारलं नाही.

दोन महिने जे कुणाला जमलं नाही ते त्या गाण्याने केलं. आई घरी येऊन झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत. मी तिला इतक्या उशिरापर्यंत झोपलेली आधी कधी बघितली नव्हती.

आता मला सांगा, हे गाणं हृदयस्पर्शी नाही तर कुठलं आहे?

आमच्या मित्राचं म्हणणं मी खोटं पाडत नाही. त्याने कधी ते गाणं नीट ऐकलेलंच नाही. त्याने ऐकलीय ती १४ एप्रिलच्या मिरवणुकीतली भिंत. त्यावर पुढे बोलतो. पण ‘भावगीत’ आणि ‘भीमगीत’ अशी जी दोन कपाटं आपण केली आहेत, ती कुणी केली आणि कशावरून? भावगीत म्हणजे काय, तर एका माणसाच्या मनातली एक भावना, साध्या शब्दांत, गाता येईल अशी. ग. ना. जोशी, गजानन वाटवे यांच्यापासून आपण ते ऐकत आलो. मग लेकरू गेलेल्या बाईचं गाणं हे भावगीत का नाही? ती बाई बाबासाहेबांची बायको आहे म्हणून? सीतेचं दुःख चालतं, यशोदेचं चालतं, राधेचं तर फारच चालतं. रमाई आली की ते लगेच ‘राजकीय’ होतं.

सीतेवरून आठवलं. वडिलांची एक गंमत सांगतो. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली वर्षभर लागायचं, दर आठवड्याला एक नवं गाणं. गदिमांचे शब्द, बाबूजींचा आवाज, छप्पन्न गाणी. वडील तेव्हा पोरसवदा. रेल्वेच्या एका बाबूंच्या क्वार्टरबाहेर उभं राहून ऐकायचे. आत बोलवायची तेव्हा रीत नव्हती, पण बाबू भला माणूस होता, रेडिओ खिडकीशी ठेवायचा. पुढे वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर फ्रेम करून लावल्या. आणि सायकल पुसताना गुणगुणायचे काय, तर गीतरामायण! आई चिडायची. वडील म्हणायचे, “अगं मी रामाला नाही, फडक्यांना ऐकतोय.” निवृत्त झाल्यावर पहिली चैन केली ती गीतरामायणाच्या कॅसेटची.

म्हणजे आम्ही तुमची गाणी ऐकली. खिडकीबाहेर उभं राहून ऐकली आणि आपली मानली. माझं म्हणणं इतकंच आहे की उलट दिशेने कुणी आलं नाही. आमच्या मंडपाबाहेर उभं राहून किती जणांनी ऐकलं?

खरं तर एक माणूस सगळ्यांच्या घरात पोचला. प्रल्हाद शिंदे. आषाढीला विठ्ठलाची त्यांची गाणी लागली नाहीत असं गाव महाराष्ट्रात सापडायचं नाही. सकाळी देवळाच्या भोंग्यावर तेच, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात तेच. त्याच गळ्याने आयुष्यभर भीमगीतं गायली, कव्वाल्या गायल्या. विठ्ठलाचं गाताना तो आवाज सगळ्या महाराष्ट्राचा असतो आणि रमाईचं गाताना ‘त्यांच्या जागी’ जातो. आवाज तर तोच आहे ना?

आणि वामनदादा तर आपल्या जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव. १९२२ चा जन्म, २००४ ला गेले. अक्षरओळखसुद्धा मोठेपणी, मुंबईच्या बीडीडी चाळीत कामगार म्हणून राहताना झाली. १९४३ पासून लिहायला लागले ते शेवटपर्यंत. हजारोंच्या घरात गाणी. गावोगाव फिरून, लोकांच्या ओट्यावर झोपून, मिळेल ते खाऊन लिहिली. नाशिक जिल्हा म्हटलं की आपण कुसुमाग्रजांचं नाव अभिमानाने घेतो, घ्यायलाच पाहिजे. पण २७ फेब्रुवारीच्या भाषणात “या मातीने थोर कवी दिला” असं एकवचनात म्हणतो तेव्हा सिन्नरकडे पाठ फिरवलेली असते. निवेदक म्हणून ते वाक्य मीही बोललोय. कबूल आहे.

ग्रुपवर एकाने आणखी एक मुद्दा काढला होता. म्हणे या गाण्यांच्या चाली सिनेमाच्या असतात, स्वतःचं काही नाही. बऱ्याच गाण्यांचं तसं आहे, खरं आहे. का आहे ते बघा ना. संगीत दिग्दर्शक नाही, स्टुडिओ नाही, वादक कुठला मिळेल याचा भरवसा नाही. गाणं लिहिलं आज, गायचं रात्री, आणि समोरच्या पाचशे माणसांनी दुसऱ्या कडव्याला साथ धरली पाहिजे. मग चाल लोकांच्या तोंडात आधीच असलेली घेतली. यात चोरी कसली? आपलं नाट्यसंगीत कसं झालं? १९१६ च्या ‘स्वयंवर’मधल्या पदांच्या चाली भास्करबुवा बखल्यांनी मैफलीतल्या बंदिशींवरून बांधल्या. तिथे आपण त्याला ‘रागदारी घराघरांत नेली’ म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. मग वस्तीत हे केलं की ‘उचललेली चाल’ का?

अण्णा भाऊ साठ्यांची मैनेची छक्कड आठवा. मुंबईला पोटासाठी आलेला गडी गावाकडच्या बायकोला आठवतो, इथून ती सुरू होते. विरहाचं गाणं आहे ते. त्यातून संयुक्त महाराष्ट्र उभा राहतो, तुटलेल्या बेळगाव-कारवारचं दुःख त्याच विरहात येऊन मिसळतं. गिरणगावात ती ऐकून माणसं रडायची आणि दुसऱ्या दिवशी मोर्चाला जायची. यातलं खासगी कुठे संपतं आणि सार्वजनिक कुठे सुरू होतं, ते मला तरी दाखवता येत नाही. माणूस रडतो तो स्वतःच्याच दुःखाने. गाणं त्याला फक्त सांगतं की तुझ्यासारखा आणखी कुणीतरी आहे. आईला त्या रात्री समजलं की जिच्या फोटोला आपण हार घालतो तिलाही कुशीतलं लेकरू उचलून द्यावं लागलं होतं.

हे काही माझ्या आईपुरतं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या दोघांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या आहेत त्या संग्रहात. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी गायलेल्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. त्यात बाबासाहेब आहेत, रमाई आहे. पण कसे आहेत? भाऊ म्हणून, बाप म्हणून, सून म्हणून, घरातल्या माणसासारखे. जात्याशी बसलेली बाई भाषण करत नाही, ती मन मोकळं करते. इंटरनेटवर ऐकायला मिळतात, ऐका. मी आईला ऐकवल्या तर ती मोबाइलशीच सूर धरून गायला लागली.

आता आपल्या बाजूचं. नाहीतर म्हणाल, सर एकाच बाजूने बोलतात.

१४ एप्रिलला ज्या गाड्या लागतात, त्यांच्यासमोर मी उभा राहू शकत नाही. आई तर खिडक्या लावून आत बसते, छातीत धडधडतं तिच्या. जिच्यासाठी गाणी लिहिली ती बाई त्या दिवशी खिडकी बंद करते, याला काय म्हणायचं? निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ असा नियम २००० सालापासून आहे. तो गणपतीतही कुणी पाळत नाही आणि जयंतीतही नाही, त्यामुळे एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याने साळसूद होऊ नये. पण माझं दुःख डेसिबलचं नाही. त्या भिंतीतून शब्दच ऐकू येत नाहीत. नुसता ठोका. वामनदादांनी एक-एक शब्द जुळवला, तो पोरांना माहीतच नाही. परवा एका पोराला विचारलं, हे गाणं कुणी लिहिलं? म्हणाला, डीजेवाल्याचं आहे. यूट्यूबवर बघा, गाणं वामनदादांचं, नाव रिमिक्स करणाऱ्याचं, आणि लेखक म्हणून काय, तर ‘पारंपरिक’. अरे, २००४ पर्यंत जिवंत होता तो माणूस!

आमच्या मित्राने ती गाणी कधी ऐकली नाहीत याला तो एकटा जबाबदार नाही. आपण त्याला ऐकूच येऊ दिली नाहीत.

गायन पार्ट्या तर संपल्याच. ज्या बाईंनी त्या रात्री कडवं तिनदा म्हटलं, त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारलं, कुणाला पक्कं आठवत नाही. ना फोटो, ना कॅसेट. त्यांच्या आवाजाचा पुरावा म्हणजे माझ्या गालावरचं ते पाणी. पन्नास वर्षं होत आली.

आपलं गाव या बाबतीत साधं नाही, हे नवीन पोरांसाठी सांगतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली होती. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी त्यांनी इथे केली. माझे आजोबा त्या गर्दीत होते असं घरात सांगतात. त्याआधी १९३५ ला येवल्याची घोषणा, ते तर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. या सभांच्या आधी-नंतर जलसे व्हायचे. बाबासाहेबांना जलशांचं मोल ठाऊक होतं, आपल्या भाषणांपेक्षा ते लोकांपर्यंत जास्त पोचतात असं ते मानायचे म्हणतात. इतकं सगळं ज्या गावात झालं तिथे त्या गाण्यांची एक ओळ कुठे जपून ठेवलेली नाही. ना वाचनालयात, ना शाळेत, ना नगरपालिकेत.

त्या मित्राला मी नंतर घरी बोलावलं. भांडलो नाही. चहा झाला, मग आईला म्हटलं, म्हण. ती आधी लाजली, मग म्हटलं तिने, पेटी नाही ढोलकी नाही, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. मित्र खाली बघत बसला होता. गाणं झाल्यावर बराच वेळ चपलेचा बंद नीट करत होता. मग म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी.” मी म्हटलं, पुढचं वर्ष लांब आहे, १ मे जवळ आहे. तो हो म्हणालाय. इथे जाहीर लिहून ठेवतो म्हणजे फिरणार नाही.

माझं मागणं काही फार मोठं नाही. स्मारक नको, पुतळा नको, समिती तर अजिबात नको. २७ फेब्रुवारी किंवा १ मेच्या यादीत ही गाणी इतर गाण्यांच्या रांगेत बसू द्या, आणि शेवटी ‘सामाजिक ऐक्य’ म्हणून एक तुकडा ठेवू नका. निवेदकाने कवीचं नाव घ्यावं. आणि जयंतीच्या मंडळांना विनंती, यंदा एक रात्र, फक्त एक रात्र, भिंत न लावता पेटी-ढोलकीवर गाऊया. म्हाताऱ्या बायकांना पुढे बसवूया. वर्गणीत माझ्याकडून नेहमीपेक्षा दुप्पट घ्या.

आणि एक काम आपण स्वतः सुरू करतोय. वडिलांनी रेल्वेच्या जुन्या डायरीत गाणी उतरवून ठेवली आहेत, शंभराच्या आसपास असतील. शाई फुटलीय, काही पानं वाळवीने खाल्ली. अशा वह्या तुमच्या घरी पत्र्याच्या पेटीत नक्की असतील. चैत्यभूमीवरून, दीक्षाभूमीवरून आणलेली गाण्यांची छोटी पुस्तकं असतील, कॅसेटी असतील. रद्दीत घालू नका. घेऊन या, फोटो काढू, चाली रेकॉर्ड करू, मूळ तुमच्याकडेच राहील.

सुरुवात आमच्या वहीपासून केलीय. आई म्हणते, वडिलांनी एका गाण्याचं दुसरं कडवं चुकीचं उतरवलंय, लाइनवर राहून त्यांना ऐकू कमी यायचं. बरोबर कसं आहे ते ती म्हणून दाखवणार आहे. रविवारी चारनंतर या. मोबाइल चार्ज करून आणा. पाण्याची बाटली मात्र घरूनच आणा, आमच्या नळाला अजून आठ दिवस पाणी नाही.